डेटा लिमिटवाल्या कनेक्शनवर फाइल शेअरिंग कसं करायचं: नव्या लोकांसाठी सगळ्या स्टेप्स

महिन्याला ठराविक जीबी मिळणारं कनेक्शन आणि त्यावर टॉरेंट (लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइलींचे तुकडे घेतात-देतात ती पद्धत) किंवा क्लाउड सिंक, हे दोन्ही एकत्र आलं की पहिल्या महिन्यात हमखास गोंधळ होतो. महिना अर्धाही झालेला नसतो आणि प्रोव्हायडरचा मेसेज येतो की तुमचा ८० टक्के डेटा संपला, मग माणूस घाबरून टॉरेंट क्लायंटच, म्हणजे टॉरेंट चालवणारं सॉफ्टवेअर, अनइन्स्टॉल करून टाकतो. तसं करायची खरंच गरज नाही. मी बरीच वर्षं लिमिटवाल्या कनेक्शनवरूनच लिनक्सच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉल करायच्या डिस्कची पूर्ण प्रत) सीड करतोय, म्हणजे माझ्याकडची फाइल इतरांना अपलोड करत राहतोय, आणि सगळं व्यवस्थित बसतं, फक्त अपलोड हासुद्धा खर्च आहे हे धरून आधी हिशोब मांडावा लागतो. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं त्याचा पायाच हा आहे की जो घेतो तो देतो पण, त्यामुळे लिमिट आहे म्हणून सीडिंग शून्यावर आणू नका, थोडं का होईना चालू ठेवा. ते परवडेल असं कसं करायचं तेच खाली सांगतोय.

काय काय जवळ ठेवायचं

- तुमच्या प्लॅनच्या अटींचं पान, जाहिरात नाही, बारीक अक्षरातलं खरं पान
- प्रोव्हायडरच्या अकाउंटचं लॉगिन, म्हणजे त्यांचा मीटर बघता येईल
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड
- डेटा मोजायचं काहीतरी: विंडोजमध्ये सेटिंग्जमध्येच डेटा युसेज असतं, अजून तपशील हवा तर ग्लासवायर, लिनक्सवर व्हीएनस्टॅट, मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरचा नेटवर्क टॅब
- टॉरेंट क्लायंट, मी क्यूबिटटॉरेंट सांगेन, साधं हवं असेल तर ट्रान्समिशन
- आकडे लिहायला एक वही किंवा स्प्रेडशीट

१. प्लॅनच्या अटींमधून चार प्रश्नांची उत्तरं काढा

पहिला प्रश्न, अपलोड मोजतात का. बऱ्याच ठिकाणी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मिळून एकच आकडा धरतात, काही प्लॅनमध्ये फक्त डाउनलोड मोजतात, आणि फाइल शेअरिंग करणाऱ्यासाठी या एका ओळीने सगळं गणित बदलतं. अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कस्टमर केअरला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरा प्रश्न, लिमिट संपल्यावर काय होतं. स्पीड कमी होतो, जादा डेटाचे पैसे लागतात, की नेट बंदच होतं? स्पीड कमी होणार असेल तर चूक झाली तरी निभावतं, जादा बिल येणार असेल तर मात्र खालच्या सगळ्या स्टेप्स अगदी काटेकोर पाळा. आणि नुसता अनलिमिटेड शब्द बघून निर्धास्त होऊ नका, त्यातही फेअर यूज पॉलिसीचा, म्हणजे किती वापरानंतर बंधन येतं त्याचा, आकडा कुठेतरी असतोच.

तिसरा, महिना कधी सुरू होतो. बिलिंग सायकल १ तारखेलाच सुरू होते असं नाही, तुमची १७ तारखेला होत असेल आणि कॉम्प्युटरवरचा मीटर १ तारखेपासून मोजत असेल तर दोन्ही आकडे कधीच जुळणार नाहीत.

चौथा, रात्रीचा किंवा ऑफ-पीक (कमी गर्दीच्या वेळेतला) डेटा फुकट आहे का. असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं, फक्त नेमके तास लिहून घ्या कारण ते पाचव्या स्टेपला लागणार आहेत.

२. कुठलीही सेटिंग बदलायच्या आधी मोजा

निदान एक आठवडा टॉरेंट आणि मोठे सिंक पूर्ण थांबवून घरात एरवी किती डेटा जातो ते बघा. व्हिडिओ, मीटिंग, गेमचे अपडेट, फोनचे बॅकअप, सगळं धरून. हा आकडा लोक कायम कमी धरतात. एका कॉम्प्युटरवर मोजून उपयोग नाही कारण बाकीचे फोन आणि टीव्ही त्यात येत नाहीत, म्हणून राउटरवर मोजता आलं तर सगळ्यात चांगलं. बऱ्याच राउटरमध्ये ट्रॅफिक मीटर असतो, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर डिव्हाइसप्रमाणे वेगळे आकडे देणारं पॅकेजही मिळतं. राउटरमध्ये काहीच नसेल तर प्रोव्हायडरच्या पानावरचा आकडा रोज एकाच वेळी लिहून ठेवा, तेवढंही पुरतं.

३. बिट, बाइट आणि जीबीचा घोळ

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका.

कनेक्शनचा स्पीड एमबीपीएसमध्ये सांगतात, ते मेगाबिट असतात. टॉरेंट क्लायंट बाइटमध्ये दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणजे ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी. आता हे लक्षात ठेवा की फक्त १ एमबीपीएस जरी सतत चालू राहिलं तरी दिवसाला १०.८ जीबी जातात आणि ३० दिवसांत ३२४ जीबी. एवढासा अपलोड तर आहे, काय होतंय, असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

दुसरा घोळ जीबीच्या व्याख्येचा आहे. १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असं एक माप आहे आणि १०२४ च्या पटीतलं दुसरं. विंडोज १०२४ वालं माप वापरतं आणि तरी त्याला जीबीच म्हणतं. त्यामुळे प्रोव्हायडर जर साधं दशमान माप वापरत असेल तर त्याच्याकडे ५०० जीबी पूर्ण भरलेले असतात तेव्हा विंडोजमध्ये साधारण ४६५.७ दिसतात, आणि तुम्हाला वाटतं अजून ३४ जीबी शिल्लक आहेत. ते शिल्लक नसतात.

तिसरं म्हणजे ओव्हरहेड. प्रत्येक पॅकेटला पत्त्याचा भाग असतो, १५०० बाइटच्या नेहमीच्या पॅकेटमध्ये साधारण ४० बाइट हेडरमध्येच जातात, शिवाय टॉरेंट क्लायंट पीअर, म्हणजे तोच टॉरेंट वापरणारे इतर कॉम्प्युटर, शोधायला सतत बोलत असतो ते वेगळं. प्रोव्हायडर हे सगळं मोजतो, फाइलची साइज नाही. मी सरळ ५ टक्के जास्त धरतो.

४. बजेट बांधा

आता वही घ्या. समजा लिमिट ५०० जीबी आहे, अपलोड-डाउनलोड दोन्ही मोजतात, आणि आठवड्याच्या मोजणीवरून घरचा नेहमीचा वापर महिन्याला ३२० जीबी निघाला. १० टक्के म्हणजे ५० जीबी राखीव ठेवा, याला हात लावायचा नाही. राहिले १३० जीबी. त्यातले ५० जीबी स्वतःच्या डाउनलोडला ठेवले तर सीडिंगला ८० जीबी उरतात.

८० जीबी ३० दिवसांत पसरले की सतत चालणाऱ्या सीडिंगला सेकंदाला साधारण ३० केबी एवढा स्पीड मिळतो. ऐकायला फारच कमी वाटतं, पण कॉम्प्युटर २४ तास चालू ठेवायची गरजच नाही, रोज ८ तासच सीड केलं तर तोच डेटा सेकंदाला ९० केबीने देता येतो. आणि ८० जीबी म्हणजे ५ जीबीच्या आयएसओच्या १६ पूर्ण कॉपी, म्हणजे तुमच्या छोट्याशा कनेक्शनमधून महिन्याला १६ कॉपींइतका माल लोकांपर्यंत पोचतो, हे काही कमी नाही.

स्वतःसाठी हिशोब करायचा तर: सेकंदाला १० केबी सतत म्हणजे महिन्याला साधारण २६ जीबी. एवढं एक पाठ असलं की बाकी सगळं गुणाकाराने निघतं.

५. टॉरेंट क्लायंटमध्ये काय काय बदलायचं

मी क्यूबिटटॉरेंटच्या नावांनी सांगतोय, बाकी क्लायंटमध्ये थोड्याफार फरकाने हेच असतं.

ऑप्शन्समध्ये स्पीडचं पान उघडा आणि अपलोडचा ग्लोबल लिमिट टाका, वरच्या हिशोबातून आलेला. इथे मोठा खड्डा आहे, या रकान्यात शून्य म्हणजे बंद असं नाही, शून्य म्हणजे अमर्याद. अपलोड बंद करतोय असं समजून लोक शून्य टाकतात आणि नेमकं उलटं होतं. त्याच पानावर ट्रान्सपोर्ट ओव्हरहेडलाही लिमिट लावायची टिक आहे, ती लावा म्हणजे तिसऱ्या स्टेपमधला हेडरचा खर्चसुद्धा लिमिटच्या आत येतो.

त्याच पानावर अल्टरनेटिव्ह रेट लिमिट आणि त्याचं वेळापत्रक आहे. रात्रीचा डेटा फुकट असेल तर त्या तासांसाठी मोकळा स्पीड आणि एरवी कडक लिमिट अशी सोय इथून होते. फक्त नीट समजून घ्या की वेळापत्रकात जी वेळ टाकता त्या वेळात अल्टरनेटिव्ह लिमिट लागू होतो, बाकी वेळ नेहमीचा. उलटं भरलं तर दिवसभर पूर्ण स्पीडने डेटा जाईल आणि रात्री फुकट असताना क्लायंट दबून बसेल. पहिल्या रात्री एकदा जागून किंवा सकाळी आकडे बघून खात्री करा. फुकट वेळ संपायच्या १०-१५ मिनिटं आधीच कडक लिमिट सुरू होईल असं ठेवा, प्रोव्हायडरचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ सेकंदाला सेकंद जुळेल असं नसतं.

मग बिटटॉरेंटच्या पानावर सीडिंग लिमिट. रेशो ठरावीक झाला की टॉरेंट थांबवायचा हा पर्याय निवडा. रेशो १ म्हणजे जेवढं घेतलं तेवढं दिलं, पण बजेटमध्ये ५ जीबीच्या फाइलला रेशो १ म्हणजे एकूण १० जीबी खर्च, हे विसरू नका. रेशो पूर्ण झाल्यावर काय करायचं त्या यादीत टॉरेंट फाइलींसकट काढून टाकायचा पण पर्याय आहे, तो चुकून निवडू नका, फाइल गेली तर परत डाउनलोड करायला परत तेवढाच डेटा लागेल.

सगळ्या टॉरेंटना सारखाच रेशो द्यायचीही गरज नाही आणि माझ्या मते देऊही नये. उबुंटूच्या ताज्या रिलीजला हजारो सीडर असतात, तिथे तुमच्या ३० केबीने फारसा फरक पडत नाही. पण जुनी दुर्मिळ गोष्ट, इंटरनेट आर्काइव्हवरचं एखादं रेकॉर्डिंग, कमी लोक वापरत असलेली लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सचा एखादा प्रकार), जिथे एक-दोनच सीडर दिसतायत, तिथे तुम्ही बंद केलंत तर ती फाइल लोकांना मिळायचीच बंद होऊ शकते. बजेट तिकडे वळवा. टॉरेंटवर राइट क्लिक करून त्याचा वेगळा रेशो आणि वेगळा स्पीड ठेवता येतो.

टॉरेंट अ‍ॅड करताना फाइलींची यादी येते ती नुसती ओके करू नका, जे नको त्याची टिक काढा. शेजारच्या फाइलचा थोडा भाग तरीही येतो कारण डेटा तुकड्यांत येतो आणि एका तुकड्यात दोन फाइलींचे भाग असू शकतात, पण तो किरकोळ असतो.

अजून एक, अपलोड स्पीड लाइनच्या पूर्ण क्षमतेएवढा कधीच सोडू नका, फुकट वेळेतसुद्धा नाही. अपलोडची लाइन भरली की डाउनलोडच्या पोचपावत्या रांगेत अडकतात आणि सगळ्या घराचं ब्राउझिंग रखडतं. ७० ते ८० टक्क्यांवर थांबा.

आणि कॉपीराइटबद्दल एकदाच सांगतो. टॉरेंट वापरणं हा गुन्हा नाही, पण टॉरेंटमध्ये घेता घेता तुम्ही वाटत पण असता, त्यामुळे ज्या गोष्टी वाटायची परवानगी आहे तेवढ्याच घ्या. लिनक्स डिस्ट्रो, लिब्रेऑफिस, कॉपीराइट संपलेलं साहित्य, स्वतःचं काम, एवढ्यात भरपूर आहे.

६. क्लाउड आणि सिंक

इथे लोकांचा हिशोब जास्त चुकतो कारण काही दिसतच नाही. घरात तीन कॉम्प्युटर एकाच क्लाउड अकाउंटला जोडलेले आहेत आणि तुम्ही एकावर १० जीबीचं फोल्डर टाकलंत तर १० जीबी वर जातात आणि बाकी दोघांवर दहा-दहा खाली येतात, एकूण ३० जीबी. तेही एकाच घरात, एकाच राउटरमागे. म्हणून सिलेक्टिव्ह सिंक लावा, ज्या मशीनला ते फोल्डर नकोय तिथे बंद करा, आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अपलोड-डाउनलोडचा स्पीड बांधून टाका. मोठ्या फाइलीत छोटासा बदल केला तर काही सेवा फक्त बदललेला भाग पाठवतात, ड्रॉपबॉक्स तसं करतं, पण काही पूर्ण फाइल परत चढवतात. तुमची सेवा काय करते ते एक मोठी फाइल बदलून मीटरवर बघून घ्या.

सिंकथिंग वापरत असाल तर, आणि घरगुती सिंकसाठी मला तेच आवडतं, ते जवळच्या मशीन एकमेकांना थेट जोडतं आणि डेटा बाहेर जातच नाही. पण दोन मशीनना एकमेकांचा थेट रस्ता सापडला नाही तर ते बाहेरच्या रिले सर्व्हरमधून पाठवतं, म्हणजे एकाच घरातल्या घरात वर जातं आणि परत खाली येतं. कनेक्शनच्या तपशिलात रिले लिहिलेलं दिसलं की समजा गडबड आहे. फक्त घरातच सिंक करायचं असेल तर रिलेइंग बंद करून टाका.

फाइली झिप करून डेटा वाचतो का, तर डॉक्युमेंट आणि टेक्स्ट असेल तर हो, फोटो आणि व्हिडिओ असतील तर जवळपास नाही, ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात.

७. घरातल्या घरात नेटला हात लावू नका

एकाच राउटरवरच्या दोन डिव्हाइसमधला ट्रान्सफर प्रोव्हायडरच्या मीटरपर्यंत पोचत नाही. लोकलसेंड फोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, अ‍ॅपलवाल्यांना एअरड्रॉप आहे, अँड्रॉइडला क्विक शेअर. शेजारच्या खोलीतल्या माणसाला व्हिडिओ मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवणं म्हणजे डेटा दोनदा देणं. ट्रान्सफर होत नसेल तर एक डिव्हाइस गेस्ट वायफायवर आहे का बघा, गेस्ट नेटवर्कवरची डिव्हाइस सहसा एकमेकांना दिसू देत नाहीत.

घरात दोघांना तोच टॉरेंट हवा असेल तर क्लायंटमध्ये लोकल पीअर डिस्कव्हरी चालू ठेवा, दुसरा कॉम्प्युटर पहिल्याकडूनच तुकडे घेतो. प्रायव्हेट टॉरेंटला (फक्त सभासदांसाठी असलेल्या) हे चालत नाही.

कॉम्प्युटर फॉरमॅट केलात तर जुना डेटा डिस्कवर ठेवा, क्लायंटमध्ये तोच टॉरेंट परत टाका, फोल्डर दाखवा आणि फोर्स रीचेक करा. तो प्रत्येक तुकडा तपासतो आणि आहे तेवढं मान्य करून पुढे जातो, परत डाउनलोड करावं लागत नाही. कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं.

८. डेटा गुपचूप कुठून जातो

- खिडकी बंद केली म्हणजे टॉरेंट बंद झाला असं नाही, तो घड्याळाजवळच्या आयकॉनमध्ये जाऊन सीड करत बसतो. बंद करायचा तर एक्झिट करा. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप सुरू होतोय का तेही बघा.
- विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची गोष्ट आहे, अपडेटच्या सेटिंगमध्ये. त्यात इंटरनेटवरच्या डिव्हाइसचा पर्याय चालू असेल तर तुमचा कॉम्प्युटर अपडेटचे तुकडे अनोळखी लोकांना अपलोड करतो. लोकल नेटवर्कपुरतं ठेवा.
- लॅपटॉप घरच्या वायफायवरून सुटला आणि फोनच्या हॉटस्पॉटला लागला तर टॉरेंट तिकडे चालू राहतो. विंडोजमधलं मीटर्ड कनेक्शन लावून विंडोजचे स्वतःचे अपडेट आवरतात, टॉरेंट क्लायंटवर मात्र त्याचा भरवसा ठेवू नका. घरी केबल लावत असाल तर क्यूबिटटॉरेंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर नेटवर्क इंटरफेस म्हणून इथरनेट निवडा, केबल निघाली की टॉरेंट आपोआप थांबेल.
- फोनचा फोटो बॅकअप, क्लाउडला रेकॉर्डिंग पाठवणारे कॅमेरे, गेमचे अपडेट.

व्हीपीएन (सगळा डेटा एन्क्रिप्ट करून दुसऱ्या सर्व्हरमधून पाठवणारी सेवा) लावला की लिमिटमध्ये मोजत नाहीत, हा समज सोडून द्या. प्रोव्हायडरला आत काय आहे ते दिसत नाही पण किती बाइट गेले ते दिसतंच, उलट एन्क्रिप्शनचा ओव्हरहेड वाढतो.

थ्रॉटलिंग (प्रोव्हायडरने मुद्दाम ठराविक प्रकारचा ट्रॅफिक हळू करणं किंवा अडवणं) आणि लिमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पण समजून घ्या. अमेरिकेत कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटॉरेंटची कनेक्शनं खोटे रीसेट पॅकेट (कनेक्शन तोडा असा संदेश) पाठवून तोडत होती, ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी करून ते छापलं, ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ते थांबवायचा आदेश दिला. मग १ ऑक्टोबर २००८ पासून कॉमकास्टने घरगुती ग्राहकांना महिन्याला २५० जीबीची लिमिट लावली. एफसीसीचा तो आदेश पुढे २०१० मध्ये कोर्टाने रद्दही केला. म्हणजे थ्रॉटलिंगमध्ये तुम्ही काय करताय ते बघितलं जातं, लिमिटमध्ये फक्त किती. टॉरेंटच हळू आणि बाकी सगळं वेगात असेल तर पहिलं कारण शोधा, महिनाअखेरीस सगळंच हळू झालं तर दुसरं.

९. मीटर जुळत नसेल तर

प्रोव्हायडरचा आकडा काही तास मागे असू शकतो, त्यामुळे आजचा आजच ताडून बघू नका. आधी माप तपासा, मग बिलिंगची तारीख, मग राउटरच्या यादीत अनोळखी डिव्हाइस आहे का ते, आणि शंका असेल तर वायफायचा पासवर्ड बदला. एवढं करूनही फरक मोठा राहिला तर एक रात्र राउटरमधून सगळी डिव्हाइस काढून ठेवा आणि झोपायच्या आधीचा आणि सकाळचा आकडा, दोन्हीचे स्क्रीनशॉट घ्या. मीटर मागे असू शकतो म्हणून अशा दोन-तीन रात्री बघा. काहीच जोडलेलं नसताना आकडा दर वेळी भरभक्कम वाढत असेल तर तक्रारीला तेवढा पुरावा चांगला असतो. तक्रार फोनवर नको, ईमेलने किंवा त्यांच्या पोर्टलवरून करा, सोबत तुमच्या वहीतले रोजचे आकडे आणि राउटरचे आकडे जोडा, मोजायचं माप आणि तारखा स्पष्ट लिहा, आणि तक्रार क्रमांक आल्याशिवाय चॅटची खिडकी बंद करू नका.